आठवी-नववीत सगळ्यांनाच वर्कशॉप पाहिजे का?

उद्यमबागवाला: परवा आमच्याकडं बेळगावात, उद्यमबागेतल्या कारखान्यात, लेथवर म्हणजे लोखंड कातायच्या मशिनीवर शिकायला एक पोरगा आला, दहावीला चांगले मार्क, पण बारीक माप घ्यायचं व्हर्निअर वाचता येईना, लोखंड घासायची कानस कशी धरायची तेबी माहीत नाही. चूक त्याची नाही ओ, शाळेत कुणी दाखवलंच नाही त्याला. अमेरिकेतल्या शाळांत जनरल शॉप म्हणून तास असायचा, एकाच खोलीत लाकूडकाम, पत्राकाम, वायरिंग, ड्रॉइंग, पोरं पाळीपाळीनं सगळं करून बघायची. कुणाला सुतार करायचं म्हणून नाही, हाताला आणि डोक्याला सवय लागावी म्हणून. आपल्याकडं तसं पाहिजे, आणि हुशार-ढ न बघता सगळ्यांना.

शहापूरची आई: मला नाही पटत. हे शेवटी मराठी शाळेतल्या पोरांच्याच गळ्यात पडणार बघा, इंग्लिश मीडियमवाले कोडिंग शिकणार आणि आमची रंधा मारणार. आमच्या घरात दोन पिढ्या मागावर बसून पाठ मोडली, पोरानं तरी खुर्चीत बसावं म्हणून फी भरतोय. आणि एका वर्गात साठ पोरं, कुणाचं बोट कापलं तर जबाबदार कोण?

खानापूरचा रिटायर्ड मास्तर: ताई, तुमची भीती खरी आहे. गांधीजींनी 1937 साली वर्ध्याला हातकामातून शिक्षण मांडलं, पुढं शिक्षणावरच्या कोठारी आयोगानं कार्यानुभव, म्हणजे हातानं काम करायचा तास, सांगितला, पण आमच्या शाळेत त्या तासाला गणित घ्यायचे आणि पोरं आईनं विणलेला रुमाल आणून मार्क घ्यायची. आता केंद्राच्या 2020 च्या धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना म्हणे, दहा दिवसांत सुताराच्या पटाशीला धार लावायलाबी येत नाही. आठवड्याला दोन तास, वर्षभर, नाहीतर करूच नका.

उद्यमबागवाला: मशिनी सुरुवातीला नकोच. करवत, काटकोन बघायचा गुण्या, कानस, टेस्टर एवढंच, आणि वीस-वीसची बॅच. पोरींना तर नक्की, घरातला फ्यूज गेला की दादाची वाट बघत बसायचं काय कारण?

शहापूरची आई: पोरींचं पटलं. पण इंग्लिश मीडियमलाबी हाच तास, तेवढेच मार्क असतील तरच हो म्हणेन. फक्त आमच्याच शाळेत आणलं तर मी स्वतः जाऊन हेडमास्तरांना नको म्हणून सांगणार.