मदत हवी आहे: घरातल्या कुंड्यांभोवती काळी चिलटं

पानफुटी: हॉलमध्ये मनीप्लांट, पीस लिली आणि स्नेक प्लांट आहेत. कुंडीला धक्का लागला की मातीतून बारीक काळी चिलटं उठतात, टीव्हीच्या उजेडावर आणि चहाच्या कपात जाऊन बसतात. कडुनिंबाचं तेल पानांवर फवारलं, वाटीत व्हिनेगर ठेवलं, फरक शून्य. मिश्रण नर्सरीतलंच आहे, बहुतेक कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. वरून अधूनमधून चहाचा चोथा घालते.

कुंडीतला_किडा: व्हिनेगरला फळमाशी येते. तिचे डोळे लाल, अंग तपकिरी, आणि ती केळ्यांवर घोंघावते. तुमची ही बुरशीमाशी दिसते: दोन-तीन मिलिमीटरची, काळी, लांब पायांची, उडण्यापेक्षा मातीवर पळणारी. खात्री करायची तर कच्च्या बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी उलटून बघा. खाली पारदर्शक, काळ्या चकचकीत डोक्याच्या अळ्या दिसल्या की प्रश्न मिटला.

पानांवर फवारून उपयोग नाही, कारण अळ्या मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत असतात. तिथली बुरशी, कुजका पाला आणि कोवळी मुळं खातात. चहाचा चोथा आजच बंद. तांदळाचं धुवण, ताक, अर्धवट कुजलेलं शेणखत हेही नको. घरातल्या कुंडीत ही मेजवानीच ठरते.

ओलावा: पाण्याबद्दल जरा सविस्तर, कारण निम्मं काम तिथेच होतं. कोकोपीट वरून सुकं दिसतं, आत ओलं असतं. बोट दोन पेरं आत घालून बघा. कोरडं लागलं तरच पाणी. स्नेक प्लांटला तर कुंडी पूर्ण सुकू द्या. पीस लिलीला ताण सोसत नाही, तिला ताटलीतून पाणी पाजा: अर्धा तास ठेवा आणि उरलेलं ओतून टाका. ताटलीत पाणी साचलं तर खालच्या भोकांतूनही माशा अंडी घालतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

कुंडीतला_किडा: अळ्यांसाठी बीटीआय, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हा अळ्या मारणारा जिवाणू. डासांच्या अळ्यांसाठी मिळतं तेच. दुकानदार नुसतं 'बीटी' म्हणून कुर्स्ताकी जातीचं पुडकं देतो. ते पानं खाणाऱ्या सुरवंटांचं, इथे निरुपयोगी. पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून मातीत ओता, दर आठवड्याला, निदान महिनाभर. अंड्यापासून माशीपर्यंत साधारण तीन-चार आठवडे लागतात, आणि अंडी व कोष या औषधाला दाद देत नाहीत. एकदा ओतून थांबलात की पुढची पिढी हजर.

सोबत पिवळे चिकट सापळे मातीलगत खोचा. त्यांनी फक्त मोठ्या माशा अडकतात. तरी आठवड्याला किती अडकल्या यावरून उपाय लागू पडतोय का ते कळतं.

पानफुटी: बीटीआय जवळपास मिळत नाही. मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड चालेल?

ओलावा: चालेल, पण बाटली नीट वाचा. परदेशी व्हिडिओंतलं 'एकास चार' हे ३ टक्क्यांच्या द्रावणाचं माप आहे. आपल्याकडे बहुधा ६ टक्के मिळतं, त्याला एक भाग औषध आणि नऊ भाग पाणी. माती सुकल्यावर ओता, फेस येईल. स्पर्श झालेल्या अळ्या मरतात, पण असर तासाभरापुरता. शिवाय मातीतले उपयोगी जिवाणूही जातात, म्हणून वारंवार नको.

त्यापेक्षा लिटरभर कोमट पाण्यात आधी १-२ मिली लिक्विड सोप आणि मग ५ मिली कडुनिंबाचं तेल ढवळून मातीत घाला, आठवड्यातून एकदा. साबण विसरलात तर तेल वर तरंगतं आणि एकाच ठिकाणी जातं. वास दोन दिवस राहतो, खिडकी उघडी ठेवा.

पानफुटी: आणि वर वाळूचा थर?

कुंडीतला_किडा: चालेल, कोरड्या वाळूत माशा अंडी घालत नाहीत. जाडी, धुतलेली वाळू, अर्धा इंच, आणि पाणी फक्त खालून. वरून पाणी घातलंत की वाळू ओली होते आणि थर असून नसल्यासारखा.