उन्हाळ्यातला शेतकरी बाजार आणि पथ्याचे घर : लेकीला सोबत कसे न्यावे?

कोथरूडची आई (प्रश्न) :

नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. गेल्या दिवाळीनंतर तिला सीलिॲक आजार (गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) असल्याचे निदान झाले आणि तेव्हापासून गहू, रवा, मैदा, जव आणि त्यांचा अंश असलेले सगळेच पदार्थ तिच्या ताटातून गेले. सासूबाईंना मधुमेह आहे, शिवाय मूत्रपिंडाचे काम मंदावल्यामुळे डॉक्टरांनी पोटॅशियम जपून घ्यायला सांगितले आहे. एप्रिल-मे महिन्यांत रविवारी सकाळी आम्ही सगळे शेतकरी आठवडे बाजाराला जातो. वर्षाची ज्वारी, आंबे, कैऱ्या आणि वाळवणे तिथूनच घेण्याची आमच्या घरची रीत आहे.

मागच्या रविवारी एका मांडणीवर चुंदा चाखायला देत होते. मुलीने हात पुढे केला, पण चुंदा गव्हाच्या खाकऱ्याच्या तुकड्यावर घातलेला होता, त्यामुळे मला तिचा हात मागे घ्यावा लागला. ती काही बोलली नाही. पुढच्या सगळ्या फेरीत मात्र ती पिशवीचा बंद धरून खाली मान घालून चालत राहिली आणि घरी आल्यावर तिने विचारले, ‘पुढच्या वेळी मी आजीजवळ थांबले तर चालेल का?’ तिने घरी थांबू नये असे मला मनापासून वाटते. अशा बाजारात निर्धास्तपणे काय घेता येते, कुठे थांबून चौकशी करावी आणि कशाकडे वळूच नये, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. सासूबाईंसाठीही काही सुचवता आले तर बरे होईल.

सिंहगड रस्ता (उत्तर) :

ताई, मला स्वतःला हा आजार आहे आणि बारा वर्षे मी हे पथ्य पाळते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. शेतकऱ्याच्या मांडणीवरची अख्खी फळे, भाज्या, कैऱ्या, शेंगा, शहाळी आणि ताडगोळे तिने बिनदिक्कत निवडावेत, हाताळावेत आणि घरी आणून धुऊन खावेत. आपल्या आजाराचा धोका सुरू होतो तो दळलेल्या, मिसळलेल्या आणि तळलेल्या पदार्थांपासून. बंद पाकिटावर घटक छापलेले असतात आणि ‘ग्लूटेनमुक्त’ असा शब्द छापायचा असेल तर ग्लूटेनचे प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये, असा नियम आहे. बचत गटांच्या साध्या पिशव्यांवर मात्र पुष्कळदा पदार्थाचे नाव आणि वजन एवढेच लिहिलेले असते, म्हणून तिथे तोंडाने विचारण्याला पर्याय नाही.

आपल्याच ओळखीचे पदार्थ इथे फसवतात. मेतकुटात डाळ-तांदळांबरोबर गहू भाजून घातलेला असतो. थालीपिठाच्या भाजणीत घराघराप्रमाणे गहू असतो किंवा नसतो. कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. तांदळाच्या कुरडया मिळतात, परंतु त्या गव्हाच्या कुरडयांशेजारी त्याच कापडावर वाळवल्या होत्या का, हे विचारावे लागते. सर्वांत दडलेला धोका हिंगाचा आहे. डबीतल्या पूड हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो आणि तो हिंग लोणच्यात, पापडात, मसाल्यात सगळीकडे जातो. मी ‘यात गहू आहे का?’ असे कधीच विचारत नाही, कारण त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येते आणि ते खोटेही नसते, त्या बाईंनी गहू घातलेला नसतोच. मी विचारते, ‘हिंग कोणता घातला आहे आणि दळण कुठून आणता?’ या दोन प्रश्नांवर खरी माहिती मिळते.

ज्वारीचे तयार पीठ घेऊ नका. गिरणीत आपल्या आधी कोणाचा तरी गहू दळलेला असतो, त्याचे पीठ जात्यात आणि पिठाच्या पिशवीत अडकून राहते आणि पुढच्या दळणात उतरते. धान्य अख्खे घ्या आणि घरी दळा. आम्ही घरघंटी घेतली तेव्हापासून तिच्यात गव्हाचा एक दाणा टाकलेला नाही. हा खर्च करण्यासारखा आहे.

पुरंदरचा शेतकरी (उत्तर) :

मी पुरंदर तालुक्यातला अंजीर आणि ज्वारी करणारा शेतकरी आहे आणि पुण्यातल्या आठवडे बाजारात माल घेऊन येतो. वरच्या ताईंनी गिरणीचे सांगितले ते बरोबरच आहे, पण अख्ख्या ज्वारीतही गहू येतो, हे मला सांगितले पाहिजे. रब्बीची ज्वारी आणि गहू यांची काढणी फार मागेपुढे नसते. मळणी यंत्र आज माझ्या रानात, तर उद्या शेजाऱ्याच्या गव्हात चालते, आणि यंत्र कितीही झाडले तरी आतले दाणे पुढच्या मळणीत पडतातच. त्यानंतर बारदान येते. ज्या पोत्यात मागच्या वर्षी गहू होता, त्याच्या शिवणीत दाणे राहिलेले असतात. आम्ही हे लपवत नाही. कोणी विचारत नाही म्हणून ते सांगायचे राहून जाते, एवढेच. ‘मळणी आधी कशाची झाली होती आणि पोते नवे आहे का?’ असे विचारलेत तर शेतकरी खरे उत्तर देईल, कारण माल त्याने स्वतः काढलेला असतो. व्यापाऱ्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. २०१६ साली फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्यापासून आमच्यासारख्यांना गिऱ्हाईकासमोर उभे राहून विकणे पुष्कळ सोपे झाले आहे, आणि तुमच्यासारख्या घरांना त्याचा खरा उपयोग इथे आहे.

मांडणीवर एकच माप सगळ्या धान्यांत फिरते, तेव्हा तुमच्यासाठी पोत्यातून थेट तुमच्या पिशवीत ओतायला सांगा. सकाळी सातच्या सुमारास या, गर्दी होण्यापूर्वी आम्हाला बोलायलाही वेळ असतो. आणि मुलीसाठी सुचवतो, अंजीर घ्या. उन्हाळ्यातल्या मिठ्या बहाराचे अंजीर मेपर्यंत संपत येते. ते कापावे लागत नाही, म्हणजे गव्हाचा अंश लागलेल्या सुरीचा प्रश्नच नाही. देठाकडून हलक्या हाताने उकलायचे आणि खायचे. आमच्या पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिला बाजारात काहीतरी हातात घेऊन तिथेच खाता आले पाहिजे, असे तुमचा प्रश्न वाचताना फार वाटले.

आहारतज्ज्ञ, औंध (उत्तर) :

मी रुग्णांना आहाराचा सल्ला देते. तरीही सासूबाईंचे प्रमाण त्यांचे रक्ततपासणीचे आकडे पाहून त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे. बाजारात उपयोगी पडेल एवढेच येथे लिहिते.

मधुमेह आणि मूत्रपिंड या दोन पथ्यांची उन्हाळ्यात गल्लत होते. साखर वाढू नये म्हणून लोक सरबत सोडून शहाळ्याकडे वळतात, पण एका शहाळ्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम सहज असते आणि त्यांच्यासाठी तेच अडचणीचे आहे. त्यामुळे शहाळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. आंब्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे १४ ग्रॅम साखर असते आणि पोटॅशियमही असते. डॉक्टरांनी मोकळीक दिली असेल तर जेवणानंतर वाटीभर आमरस देण्याऐवजी सकाळी दोन फोडी द्याव्यात आणि त्या दिवशी दुसरे फळ देऊ नये. पालेभाज्या आणि बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावा आणि ते पाणी ओतून द्यावे. पोटॅशियमचा बराच भाग त्या पाण्याबरोबर जातो. आपल्याकडे भाजीचे पाणी टाकणे जिवावर येते, परंतु इथे ते टाकलेच पाहिजे. मिठाऐवजी वापरायचे म्हणून जे ‘कमी सोडियमचे मीठ’ मिळते त्यात पोटॅशियम क्लोराइड असते, ते घरात आणूच नये.

कोथरूडची आई (पुन्हा) :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी साडेसहालाच आम्ही चौघे निघालो. जाताना मुलीला दोन्ही प्रश्न पाठ करायला सांगितले होते आणि ज्वारीच्या मांडणीवर तिनेच विचारले, ‘काका, मळणी आधी कशाची झाली?’ त्या शेतकऱ्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि सांगितले की, आधी हरभऱ्याची मळणी होती, पण त्याच्या आधी गव्हाची. मग त्यांनी आपणहून न उघडलेले पोते पुढे ओढले, सुतळी सोडली आणि दहा किलो ज्वारी थेट आमच्या पिशवीत ओतून दिली. लोणच्याच्या मांडणीवर उत्तर समाधानकारक मिळाले नाही, म्हणून आम्ही नमस्कार करून पुढे गेलो. या वेळी मुलीला त्याचे वाईट वाटले नाही, कारण निर्णय तिचा होता. सासूबाईंनी कच्ची कैरी वासापुरती हातात घेतली आणि घरी आल्यावर भाजी उकळून पाणी स्वतः मोरीत ओतले.

मुलीने अंजीर तिथेच, पाण्याच्या बाटलीने धुऊन, उभ्या उभ्या खाल्ले. दुपारी ती आजीबरोबर ताटात ज्वारी निवडायला बसली. पहिल्या दोन किलोंत गव्हाचे अकरा दाणे निघाले. ते तिने एका वाटीत बाजूला काढून ठेवले आहेत आणि पुढच्या रविवारी त्या काकांना दाखवायला न्यायचे म्हणते. राहिलेली आठ किलो उद्यापासून निवडायची आहे. घरघंटी कोणत्या क्षमतेची घ्यावी, हे सिंहगड रस्त्याच्या ताईंनी सवडीने कळवावे.