वडिलांची बारा बोरची बंदूक माझ्या नावावर आलीय, घरात लहान पोरं आहेत, कशी ठेवू?

जांबोटीकर
नमस्कार मंडळी. बाबांची जुनी डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची, तिचं लायसन गेल्या महिन्यात माझ्या नावावर झालं, डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडं, किती फेऱ्या झाल्या ते सोडा. बाबा असताना बंदूक माडीवर खुंटीला नि काडतुसं खाली फडताळात. आता माझी पोरं सहा नि नऊ वर्षांची, धाकटा रोज मागं लागलाय पप्पा दाखवा की. मी स्वतः एकदाच बार काढलाय तोपण बाबांनी धरून ठेवलेली असताना. खरं सांगतो, मला तिची भीती वाटते. सुरुवात कुठनं करू?

माजी सुभेदार
भीती वाटते ते चांगलं आहे. हातात घेतली की पहिलं तोंड माणसांपासनं लांब, मग मोडून, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडून, दोन्ही नळ्या बघायच्या. कुणी रिकामी म्हणून दिली तरी, तुम्हीच मघाशी ठेवलेली असली तरी. बोट चापाच्या कडीबाहेर, बार टाकायचं ठरल्याशिवाय आत जायचं नाही. सेफ्टीच्या खटक्यावर विसंबू नका, जुन्या, बाहेर घोडा (हॅमर) असलेल्या बंदुकीत तर तो बहुतेक नसतोच. पलटणीत हेच रोज ओरडून सांगायचे.

खानापूरची सून
दादा, खुंटीवरनं आजच उतरवा. आमच्यात खंडेनवमीला बंदूक पूजेला काढतात, त्या वर्षी चुलत सासऱ्यांनी पाटावर ठेवली, हळदकुंकू लावलं, सगळे म्हणायले रिकामी आहे म्हणून, नि भाच्यानं चाप ओढला. छर्रे कौलातनं गेले. पोरगं पाटासमोर बसलं होतं, बंदुकीचं तोंड दोन हात खाली असतं तर? माझ्या अंगावर अजून काटा येतो. आता बंदूक लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळ्या पेटीत, दोन्ही किल्ल्या मालकांच्या कमरेला. पोरांना मात्र एकदा समोर बसवून सांगा, लपवलं की ती शोधतातच.

उसाचा मळा
काडतुसं जुनी असतील तर वापरू नका, आपल्याकडच्या पावसात कागदी काडतूस फुगतं, अडकतं. नळीवर काडतुसाची लांबी 65 का 70 मिलिमीटर लिहिलीय ते बघून घ्या, 65 च्या नळीत 70 चं घालायचं नाही. वीस बोरचं काडतूस तर घरातच नको, ते बारीक असतं, बारा बोरच्या नळीत घसरून पुढं अडकतं, मागनं दुसरं घातलं की नळी फुटते. चाप ओढून बार उडाला नाही तर लगेच मोडू नका, तोंड लांब धरून निदान अर्धा मिनिट थांबा. आणि रात्री उसात काय हललं म्हणून कधीच नाही, आमच्याकडं पाणी पाजायला माणसं रात्रीच येतात, करंट रात्रीचा असतो. रानडुक्कर असलं तरी लायसन म्हणजे मारायची परवानगी नव्हे, 1972 चा वन्यजीव कायदा आहे, आधी फॉरेस्टवाल्यांना विचारा.

जांबोटीकर
सगळ्यांचे आभार. संध्याकाळी अंगणात नेऊन मोडली, काडतूस नव्हतं. पण उजव्या नळीतनं उजेड दिसेना, टॉर्च लावला तर कुंभारमाशीनं मातीचं घर केलंय. काडी घालून ढोसू का?

माजी सुभेदार
थांबा. माती आत राहिली नि बार टाकला तर नळी तिथंच फाटते. पितळी गजानं काढतात, पण तुम्ही पहिल्यांदाच करताय तर लायसन सोबत घेऊन बेळगावच्या परवानाधारक दुकानात न्या, नळीला आतनं गंज चढलाय का तेपण बघून घ्या. नेताना मोडून, कव्हरमध्ये. काडतुसं घरीच ठेवा.