तीर्थनसाठी पहिलं फ्लाय रीळ कोणतं घ्यावं?

खाडीकाठ: एप्रिलमध्ये हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउटसाठी जायचंय. आजवर खाडीत गरी आणि स्पिनिंग रीळच वापरलंय. ९ फुटी, ५ वेटचा (वेट म्हणजे दोरीच्या वजनाचा क्रमांक) रॉड घेतला. रीळ कोणतं घेऊ? डिस्क ड्रॅग (चकत्यांचा ब्रेक), लार्ज आर्बर (दोरी गुंडाळायचा मोठ्या व्यासाचा गाभा) यात गोंधळ उडालाय.

पाणवठा: स्पिनिंगमध्ये फेक जाते ती गळाला लावलेल्या वजनावर. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष (फ्लाय) अगदी हलकं असतं, म्हणून फेक दोरीच्याच वजनावर जाते आणि फेकताना रिळाचा काही संबंध येत नाही. म्हणून रीळ मध्यम घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या फ्लाय लाइनवर घाला.

रिळावर ५/६ लिहिलेलं हवं, म्हणजे ते ५ आणि ६ वेटच्या दोरीसाठी आहे. ९० फुटांची डब्ल्यूएफ५एफ लाइन (पुढचा भाग जाड असलेली, ५ वेटची तरंगती दोरी) आणि तिच्यामागे २० पौंडी डेक्रॉन बॅकिंग (लाइनच्या मागची बारीक राखीव दोरी), ७५ ते १०० यार्ड, एवढं त्यात मावायला हवं. सगळं भरल्यावर दोरी आणि फ्रेममध्ये ५-६ मिमी जागा उरू द्या. काठोकाठ भरलं की मासा लागल्यावर घाईत दोरी एका बाजूला साचते, फ्रेमला घासते आणि रीळ अडतं.

लार्ज आर्बरच घ्या. दोरीला बारीक वेटोळी पडत नाहीत आणि एका फेऱ्यात जास्त दोरी येते.

ड्रॅग किती ताकदीचा, यापेक्षा तो सुटतो कसा ते बघा. मध्यम ठेवून दोरी सावकाश ओढा. आधी अडकून मग झटक्याने सुटत असेल तर ते रीळ नको, कारण ५एक्स जाडीचा बारीक टिपेट (फ्लाय बांधायचा शेवटचा नाजूक धागा) त्या पहिल्या झटक्यालाच तुटतो. ही परीक्षा पास होणारं साधं क्लिक-पॉल (दातेरी चाकावर खटका टेकवून दोरी अडवणारं) रीळही तीर्थनला पुरतं.

डोहातला: पुढे महसीरचा (नदीतला मोठा, ताकदवान मासा) विचार असेल तर त्याच रिळावर भागवू नका. त्याला ८ वेट, दमदार डिस्क ड्रॅग आणि ३० पौंडी बॅकिंग १५० यार्ड तरी लागतं. असं जड रीळ ५ वेटच्या रॉडला लावलं तर तोल मुठीच्या मागे जातो आणि मनगट भरून येतं.

खाडीकाठ: धन्यवाद. दोरी स्वतः भरता येईल ना?

पाणवठा: येईल. आधी कोणत्या हाताने गुंडाळणार ते ठरवा. बहुतेक रिळांत क्लच बेअरिंग (एकाच दिशेला पकडणारं बेअरिंग) उलटं बसवून दिशा बदलता येते, पण ते दोरी भरण्याआधी. बॅकिंग स्पूलच्या गाभ्याला आर्बर गाठीने (ओढल्यावर आवळणारी गाठ) बांधा आणि ओल्या फडक्यात धरून ताणून गुंडाळा. सैल राहिलं तर मासा पळताना वरचा वेढा खालच्यांत रुतून बसतो. मग लाइनचं रिळाकडचं टोक जोडा, त्यावर चिठ्ठी असते. नवखे हमखास उलटं जोडतात, मग जाड भाग आत राहतो आणि फेक पुढे जातच नाही.

डोहातला: डाय-कास्ट रीळ खडकावर आपटलं की फ्रेम वाकते आणि स्पूल घासायला लागतो. तीर्थनचा काठ सगळा गोट्यांचा आहे. रॉड खाली ठेवताना रीळ दगडाला लावू नका. आणि मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा.

पाणवठा: घरी ठेवताना ड्रॅग पूर्ण सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या दबून चिकटतात.