सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटचं कोटेशन आलंय, सहा पॅनेल खरंच लागतील का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. पीएम सूर्यघर या घरगुती सोलरला सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या योजनेतून गच्चीवर पॅनेल बसवायची आहेत. कराडजवळ दोन मजली स्लॅबचं घर आहे. गच्ची साधारण ६०० चौरस फूट, दक्षिणेच्या कठड्याला लागून पाण्याची टाकी. महिन्याचा वापर २३० ते २६० युनिट, मे महिन्यात ३४० पर्यंत जातो. पुढे गॅस कमी करून इंडक्शन आणायचं आहे. व्हेंडरने दिलेलं कोटेशन असं: ५४० वॅटची ६ पॅनेल, ३ किलोवॅटचा ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेला, बिनबॅटरीचा) इन्व्हर्टर, एकूण १,९५,०००. त्यातले ९० टक्के ऑर्डरसोबतच मागतोय. मीटर वडिलांच्या नावावर आहे, ते हयात नाहीत.

एवढी क्षमता लागेल का? सबसिडी नेमकी किती बसेल? कागदपत्रांत काय अडेल? आणि लाईट गेल्यावर हे चालतं का?

बिलवाचक

सबसिडीचा हिशोब सरळ आहे. पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, कमाल ७८,०००. पॅनेलची बेरीज आणि इन्व्हर्टर यांतला जो आकडा कमी, तो धरतात. तुमची ६ पॅनेल ३.२४ किलोवॅट होतात, पण इन्व्हर्टर ३ चा, म्हणून ३ च मोजले जातील. पाच पॅनेल घेतली तर २.७ किलोवॅट, म्हणजे ६०,००० अधिक १२,६००, एकूण ७२,६००. सहाव्या पॅनेलमुळे सबसिडी वाढते ती फक्त ५,४०० ने.

१ किलोवॅटला वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिट धरा. जुलै-ऑगस्टमध्ये ते निम्म्यावर येतं, मार्च-एप्रिलमध्ये पाचच्या आसपास जातं. २.७ किलोवॅटला महिन्याला सरासरी ३२० युनिट पडतील. तुमचे २५० आणि चौघांच्या स्वयंपाकाचे इंडक्शनचे ६०-७० धरले तरी पाच पॅनेलमध्ये भागतं.

जास्त बसवलं तर बिघडतं काय, तर नेट मीटरवरचे (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण ३१ मार्चला हिशोब बंद होतो आणि उरलेले युनिट कमी दराने विकत घेतले जातात. जानेवारी ते मार्च ऊन कडक आणि वापर कमी, म्हणून साठा तेव्हाच सगळ्यात जास्त असतो. तुमचा खर्चाचा महिना मे, आणि तोवर पाटी कोरी झालेली असते. मेच्या आकड्यावरून क्षमता ठरवू नका. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्याची बारा महिन्यांची सरासरी घ्या.

बिल शून्य होत नाही, हेही घरी आधीच सांगून ठेवा. स्थिर आकार भरावाच लागतो.

अर्जदुरुस्ती

पैसे देण्याआधी मीटरचं नाव बदलून घ्या. योजनेचं पोर्टल (अर्जाची वेबसाइट) ग्राहक क्रमांकावरून बिलावरचंच नाव उचलतं आणि सबसिडी त्याच नावाच्या बँक खात्यात जमा होते. वारस म्हणून महावितरणकडे मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांची संमती लागेल. नवं नाव बिलावर छापून आल्यावरच अर्ज भरा. पासबुकात पूर्ण नाव आणि बिलावर आद्याक्षरं, एवढ्यावरही काम अडतं.

१० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची (लाइनला तुमचं सोलर झेपेल का ते बघण्याची) अट राहिलेली नाही आणि गरजेप्रमाणे मंजूर भारही (कनेक्शनला मंजूर असलेले किलोवॅट) आपोआप वाढतो. "भार वाढवायचे वेगळे द्या" असं कोणी म्हणालं तर लेखी मागा.

व्हेंडर पोर्टलवर नोंदलेला हवा. पॅनेल डीसीआर हवीत, म्हणजे पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले. नुसतं "भारतीय कंपनीचं पॅनेल" पुरत नाही, कारण सेल बाहेरचे असले तर सबसिडी जाते. माल उतरला की प्रत्येक पॅनेलच्या मागचा अनुक्रमांक आणि डीसीआर प्रमाणपत्रावरचा क्रमांक जुळवा, मगच वर चढवू द्या.

९० टक्के आगाऊ देऊ नका. ऑर्डरला २०-२५ टक्के, माल घरी येऊन क्रमांक जुळल्यावर मोठा हप्ता, आणि किमान १० टक्के नेट मीटर बसेपर्यंत हातात ठेवा. पॅनेल बसल्यावर व्हेंडरची धावपळ संपते, मीटरची फाईल तिथेच रेंगाळते. ३ किलोवॅटपर्यंत २ लाखांचं विनातारण कर्जही योजनेत मिळतं.

अर्थिंगवाला

गच्चीचं बोलतो. टाकी दक्षिणेला म्हणजे तिची सावली थेट पॅनेलवर येणार. टाकी पॅनेलपेक्षा ५ फूट उंच धरली तर डिसेंबरात भर दुपारी सावली सव्वाचार फूट पडते आणि सकाळी नऊला अकरा फुटांच्या घरात जाते. सगळी पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागोमाग एका ओळीत जोडलेली असतात, एकावर सावली आली तर ओळीला फटका बसतो. सहावं पॅनेल बहुतेक त्याच कोपऱ्यात बसवणार असतील, ते आधी वगळा.

स्लॅबला भोकं पाडून स्ट्रक्चर ठोकू देऊ नका, दुसऱ्या पावसाळ्यात गळती सुरू होते. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर पाय उभे करायला सांगा. तोंड दक्षिणेला, कल १७-१८ अंश.

अर्थिंगचे खड्डे तीन: डीसी बाजू (पॅनेल ते इन्व्हर्टर), एसी बाजू (इन्व्हर्टर ते घर) आणि लाइटनिंग अरेस्टर (पडणारी वीज जमिनीत नेणारा दांडा). तिन्ही तारा एकाच खड्ड्यात सोडलेल्या सर्रास दिसतात. मग वीज पडली की इन्व्हर्टर जातो. रेझिस्टन्स ५ ओहमच्या आत आहे का, हे मीटर लावून समोर दाखवायला सांगा. एमसी४ कनेक्टर (पॅनेलच्या तारा जोडणारे) दोन्ही बाजूंनी एकाच कंपनीचे हवेत. वेगवेगळे जोडले की आत सैल राहतात, तापतात आणि वितळतात.

लाईट गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बंद होतो, कडक उन्हातही. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. बॅकअप हवा तर हायब्रिड (बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी, पण बॅटरीला सबसिडी नाही.

इंडक्शनसाठी स्वयंपाकघरात १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि वेगळा एमसीबी टाका. मिक्सरच्या पॉइंटवर २,००० वॅट चालवू नका.

कृष्णाकाठ

खूप उपयोग झाला. सहावं पॅनेल रद्द. घरात पाच जुने पंखे आहेत, त्यांचा या हिशोबात काही फरक पडतो का?

बिलवाचक

बराच पडतो, हे आधीच विचारायला हवं होतं. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३० च्या आसपास. पाच पंखे रोज १२ तास म्हणजे दिवसाला २.७ युनिट, महिन्याला ८० युनिटची बचत, थंडीत थोडी कमी. पाच पंख्यांना १४-१५ हजार लागतील.

तुमच्या कोटेशनमध्ये वॅटला ६० रुपये पडतात. त्या दराने पाचवं पॅनेल ३२,४०० चं, सबसिडीतले ९,७२० वजा केले तर २२,७०० च्या आसपास, आणि त्यातून महिन्याला ६५ युनिट. व्हेंडर एका पॅनेलमागे एवढे कमी करणार नाही, पण पंखे स्वस्त पडतात हे नक्की.

२५० मधून ८० गेले, इंडक्शनचे ६५ आले, उरले २३५. चार पॅनेल २.१६ किलोवॅट होतात, त्यांत २५९ युनिट निघतात. इन्व्हर्टर ३ चाच ठेवा, म्हणजे २.१६ मोजले जाऊन सबसिडी ६२,८८० बसेल. पंखे याच महिन्यात बदला, दोन बिलं बघा, तोवर नाव बदलाचं कामही होईल. मग चार की पाच ते ठरवून सुधारित कोटेशन मागवा.