एडीचे ३७, बाकी सगळ्यांचे २३: पर्ड्यूचा अंतिम सामना नेमका कुठे निसटला?

मॅकीतला (लाफायेट, इंडियाना)

सोमवारी, ८ एप्रिल २०२४ ला रात्री ग्लेनडेलमध्ये अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात आपली पर्ड्यू युनिव्हर्सिटी यूकॉनकडून, म्हणजे कनेक्टिकट युनिव्हर्सिटीकडून, ७५-६० अशी हरली. तेव्हापासून जो तो एकच म्हणतोय, "एडी एकटा लढला, बाकीच्यांनी हाय खाल्ली." मला हे अजिबात पटत नाही. यूकॉनने आमिष टाकलं आणि आपण ते गिळलं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपला झॅक एडी ७ फूट ४ इंच. एरवी त्याच्या हातात चेंडू गेला की दोघं-तिघं अंगावर येतात आणि बाहेर कुणीतरी मोकळा सुटतो. यूकॉनने दुसरा माणूस पाठवलाच नाही. त्यांचा ७ फूट २ इंचांचा क्लिंगन एकटा भिडला, तो दमला की सॅमसन जॉन्सन. उरलेले चौघं आपल्या नेमबाजांना चिकटून राहिले. एडीने ३७ गुण केले, पण ४० मिनिटांत आपण थ्री (लांबून मारायचे तीन गुणांचे शॉट) मारले फक्त सात आणि पडला एक! मोसमभर चाळीस टक्क्यांच्या आसपास थ्री टाकणारा हा संघ. शनिवारी उपांत्य सामन्यात एनसी स्टेटविरुद्ध याच पोरांनी दहा टाकले होते.

मध्यंतराला ३६-३० होतं, म्हणजे सहाच गुणांची पिछाडी. डाव बदलायची वेळ तीच होती. दुसऱ्या हाफमध्ये पोस्टमध्ये (रिंगजवळ) चेंडू द्यायचा कमी करून एडीला वर स्क्रीनला, म्हणजे बचाव करणाऱ्याची वाट अडवायला, आणायचं, आपला गार्ड (चेंडू पुढे नेणारा) स्मिथ याला वेगात आत घुसवायचं. क्लिंगनला रिंग सोडावी लागली असती. दर खेपेला दोन गुण मिळतायत म्हणून आपण त्यातच समाधान मानलं. आपले कोच पेंटर सर यांच्याबद्दल मला आदर आहे, पण हा सामना आपण बाकावर हरलो असं मी म्हणतो.

हुकशॉट (पुणे)

दादा, तुमच्याइतकं जवळून नाही, पण गेली पाच वर्षं मी पर्ड्यू बघतोय. पाडव्याची सकाळ, इथे सातच्या आत सामना सुरू झाला. आई गुढीसाठी हाका मारत होती, मी टीव्हीसमोरून हललो नाही.

माझं मत तुमच्या उलट आहे. चूक एका रात्रीची नाही, बांधणीचीच आहे. एका उंच माणसाभोवती संघ उभा केला की समोरच्याला एकच कोडं सोडवायचं असतं. याच स्पर्धेत २०२१ ला तेराव्या मानांकनाच्या नॉर्थ टेक्ससकडून हरलो, २०२२ ला पंधराव्या सेंट पीटर्सकडून. २०२३ ला तर सोळाव्या मानांकनाच्या फेअर्ली डिकिन्सनकडून ६३-५८. तो संघ उंचीने अख्ख्या डिव्हिजन वनमध्ये (कॉलेजच्या सगळ्यात वरच्या गटात) सगळ्यात बुटका होता! मी कॉलेजला गार्ड होतो, उंची ५ फूट ७. आम्हालाही कोच हेच सांगायचे: मोठ्याला त्याचे गुण घेऊ द्या, त्याच्याकडे जाणारी आणि त्याच्याकडून येणारी वाट तोडा. यूकॉनने वेगळं काय केलं?

वाबाशकाठची ताई (इंडियानापोलिस)

हुकशॉट, तुझी यादी खरी आहे, पण त्यातून तू काढतोस तो अर्थ चुकतोय. २०२२ च्या संघात जेडन आयव्ही होता. गार्ड, विजेसारखा, त्याच वर्षी एनबीएत पाचव्या क्रमांकावर निवडला गेलेला. तरी सेंट पीटर्सकडून हरलोच. आणि २०१९ आठव. तेव्हा एडी नव्हता, कार्सन एडवर्ड्स होता. सहा फुटांचा गडी. व्हर्जिनियाविरुद्ध त्याने ४२ गुण केले, दहा थ्री टाकले, आणि आपण ओव्हरटाइममध्ये ८०-७५ असे हरलो. फायनल फोर (शेवटच्या चार संघांची फेरी) एका शॉटने हुकली. मी त्या रात्री लुईव्हिलमध्ये होते, तो शॉट डोळ्यांसमोरून अजून जात नाही. म्हणजे बुटक्याभोवती बांधला तरी हरलो आणि उंचाभोवती बांधला तरी हरलो. मग बांधणीला दोष का?

आणि मॅकीतल्या, तुझंही मला पटत नाही. याच स्पर्धेत टेनेसीविरुद्ध डेट्रॉइटमध्ये काय केलं होतं? हेच! एडीने ७२ पैकी ४० गुण केले आणि वर त्यांच्या क्नेक्टचा शेवटच्या मिनिटातला शॉट अडवला. तेव्हा पेंटरना कुणी हट्टी म्हटलं नाही. १९८० नंतर पहिल्यांदा फायनल फोर, १९६९ नंतर पहिल्यांदा अंतिम सामना. सोमवारी दुपारी अंगणात उभं राहून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि रात्री माझा संघ अंतिम सामन्यात खेळताना पाहिला. गेल्या वर्षी ज्या पोरांना सगळ्या देशाने हसून घेतलं, तीच ही पोरं. एडी, स्मिथ, लॉयर, कुणी सोडून गेलं नाही. मला त्यांचा अभिमानच वाटतो.

हस्की (हार्टफर्ड, कनेक्टिकट)

मी दुसऱ्या बाजूचा, यूकॉनचा, तरी बोलतो. मॅकीतले दादा, तुम्ही सांगताय तो डाव पर्ड्यू खेळलीच. स्मिथ-एडी स्क्रीन कितीतरी वेळा झाला. आमचे गार्ड स्क्रीनच्या वरून स्मिथच्या मागे लागले, क्लिंगन खालीच थांबला, आणि कोपरा कुणी सोडला नाही. मदतीला धावायचं नाही हे आमचे कोच हर्ली यांनी आधीच ठरवलं होतं. पाचही जण ते ४० मिनिटं पाळतात, हे सोपं नाही. न्यूटनने २० घेतले, कॅसलने १५. फ्लोरिडानंतर, म्हणजे २००७ नंतर, लागोपाठ दोन विजेतेपदं कुणाला जमली नव्हती. तुम्ही चुकलात म्हणून आम्ही जिंकलो, हे ऐकायला मला जड जातं.

मॅकीतला

हस्की, अभिनंदन, मनापासून. तुमचा बचाव उत्तम होता, त्यात वाद नाही. माझं दुखणं वेगळं आहे. कोपरा बंद होता हे मान्य, पण बंद कोपऱ्यातूनही हात उंचावून शॉट मारावा लागतो. सातच वेळा? लॉयर, गिलिस, जोन्स हे अंगावर माणूस असताना मोसमभर मारत आलेत. वीस मारून सहा पडले असते तर निदान तुमचे लोक एक पाऊल पुढे आले असते. मग एडीला आत जागा मिळाली असती.

ताई, टेनेसीचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण त्यांच्याकडे क्लिंगन नव्हता.

हुकशॉट

ताई, २०१९ चं मी विसरलोच होतो. बांधणीवरचं माझं वाक्य मागे घेतो, पण अर्धंच. एडी आता एनबीएला जाणार. पुढच्या मोसमात स्मिथ, लॉयर आणि कॉफमन-रेन असतील, एडी नसेल. तेव्हा पेंटर काय खेळवतात ते बघू.

वाबाशकाठची ताई

बघूच. आणि दादाने म्हटलेले वीस थ्री तेव्हा मारले गेले आणि तरी हरलो, तर त्यालाही मी इथेच विचारणार आहे.