मध्यस्थी आटोपल्यावर मन कुठे मोकळं करता? सल्ला हवा

केतकी_सातारा:
न्यायालयातल्या मध्यस्थी केंद्रात चार वर्षं काम करतेय. ४० तासांच्या प्रशिक्षणात पक्षकारांचं ऐकायचं कसं ते शिकले, पण आपण घरी काय घेऊन जातो, यावर कुणी फारसं बोललं नाही. मध्यंतरी एक वाटणीचा दावा मिटला (तपशील बदललेत). सगळे हात जोडून गेले. पण 'मला काही नको' म्हणत हक्कसोडीला होकार देण्याआधी बहिणीने एकदा थोरल्या भावाकडे पाहिलं. ते डोळ्यांपुढून हलत नाही. माझं चुकलं का? घरी बोलता येत नाही, गोपनीयता आहे.

बांधावरचा:
ताई, तिच्याशी एकटीशी बोलायला हवं होतं, असं मला वाटतं. पण निवाडा इतक्यात नको. बैठक संपली की घरी निघायच्या आधी वहीत तीन गोष्टी लिहा: काय दिसलं, मला काय वाटलं, मी काय केलं. 'भावाकडे पाहिलं' हे दिसलेलं. 'दबाव होता' हा तुमचा अंदाज. दोन्हींची सरमिसळ झाली की रात्रभर तेच घोळत राहतं. नावं, गट नंबर अजिबात लिहू नका.
आम्ही चौघं मध्यस्थ महिन्यातून एकदा बसतो. पहिली वीस मिनिटं सल्ला बंद, फक्त प्रश्न. एकदा माझ्या सहमध्यस्थाने विचारलं, "धाकट्या भावाला तुम्ही बोलताना तीनदा मध्येच तोडलंत, थोरल्याला एकदाही नाही. का?" मी घरात थोरला आहे. वीस वर्षांत हे मला दिसलं नव्हतं.

समुपदेशक_नाशिक:
वाटणीच्या दाव्याला हे ठीक. दंगल, खून अशा प्रसंगानंतर मात्र लगेच सगळ्यांना बसवून 'काय काय झालं सांगा' असं करू नका. आपत्कालीन सेवांतल्या लोकांसाठी जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये तशी पद्धत मांडली होती. पुढे अभ्यासांत दिसलं की एकाच बैठकीतल्या अशा उजळणीने आघाताचे पुढचे त्रास टळत नाहीत. आधी पाणी, विश्रांती, जवळचं माणूस. ज्याला बोलायचंय तो बोलेल. केतकीताई, झोप उडाली असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

केतकी_सातारा:
दोघांचे आभार. आज वही आणली. 'दिसलं'खाली एकच ओळ झाली. 'मी काय केलं'खाली लिहिलं: घड्याळ पाहिलं. पुढच्या तारखेचे पक्षकार बाहेर थांबले होते.
साताऱ्या-कराडकडे महिन्याला बसायला कुणी तयार असेल तर कळवा. जागा मी बघते.